सुई आत असताना

तिसऱ्या दिवशी सकाळी सोंग्यामामा चौथ्यांदा म्हणाला, "मी जरा लिफ्टचा आवाज बघून येतो," आणि कोणी अडवायच्या आत खोलीतून सटकला.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने लिफ्टचा आवाज बघावा, यात कोणाला काय खटकणार? अख्खं आयुष्य त्याने लिफ्टांच्या टपावर उकिडवं बसून काढलेलं. कुठल्याही इमारतीत शिरला की आधी कान टवकारणार, मग माणसांकडे बघणार. पण या हॉस्पिटलची लिफ्ट अशी गुळगुळीत चालत होती की आपण वर चाललोय का खाली, हेसुद्धा आकडे बघून कळावं. मामा तिच्यातून चौथ्या मजल्यावर जायचा, तळाला यायचा, परत चौथ्यावर. तीन दिवसांत इतक्या फेऱ्या झाल्या की स्ट्रेचर ढकलणारे त्याला लिफ्टमन समजायला लागले. "दुसरा, काका." मामा निमूट दुसरा दाबायचा.

हा तोच मामा, बरं का, ज्याने वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, निरोप समारंभात अण्णांच्याच आवाजात भाषण ठोकून अण्णांना बोलायला काही शिल्लक ठेवलं नव्हतं. बाई, पुरुष, कुत्रं, बिघडलेला पंखा, कशाचीही नक्कल हुबेहूब. घरात सुतकी चेहरा करून बसायची वेळ आली की सगळे आधी याला बाहेर पाठवायचे. आणि आता तो स्वतःहून बाहेर जात होता.

कारण आत खोलीत खारू आडवी पडली होती.

खारू म्हणजे त्याची भाची. लहानपणी गालांत शेंगदाणे साठवून ठेवायची म्हणून खारू. तिला परवा मुलगी झाली, गोबरी, काळ्याभोर जावळाची. बाळ ठणठणीत. आईला मात्र उठून बसता येत नव्हतं. बसली की मिनिटा-दोन मिनिटांत कपाळापासून मानेपर्यंत कोणी पकड आवळत नेल्यासारखं डोकं दुखायचं, खिडकीतला उजेड टोचायचा, पोटात ढवळायचं. आडवी झाली की पाच मिनिटांत सगळं गायब.

मामा परत आला तेव्हा नेमकी याच विषयावर खोलीत दोन पक्षांची मोर्चेबांधणी झालेली होती. खिडकीच्या बाजूला मामाची थोरली बहीण ताई, म्हणजे खारूची आई, मांडीवर पॅड घेऊन काहीतरी लिहीत होती. पाळण्याच्या बाजूला विहीणबाई, ताठ, चष्म्याची डबी दोन्ही हातांत धरून. मधे जावई. तो बिचारा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो, पण या दोन बायकांच्या मधे उभा राहिला की त्याला स्वतःला काही दिसत नाही.

"असलं दुखणं मी वाचलं नाही कुठे," विहीणबाई म्हणाल्या. पस्तीस वर्षं त्यांनी सार्वजनिक वाचनालय सांभाळलं. त्यांचा आवाज कुजबुजीच्या वर कधी गेला नाही आणि जायची गरजही कधी पडली नाही. "झोपलं की बरं, उठलं की दुखतं. हे तर मलाही रोज सकाळी होतं."

"अहो आई, मी सोंग नाही करत आहे," खारू छताकडे बघत म्हणाली.

'सोंग' शब्द ऐकून मामा दारातच चुळबुळला.

"तसं कोण म्हणतंय? मी म्हणत होते, आमच्या वेळी ही कमरेतली भूल नव्हती आणि नंतर ही डोकेदुखीही नव्हती."

"तुमच्या वेळी काय काय नव्हतं त्याची यादी नंतर करू," ताई पॅडवरून मान वर न करता म्हणाली. "माझ्या पोरीला बारा तास कळा देऊन तडफडत ठेवायचं होतं का? भूल मी घ्यायला लावली. पण ती नीट देणं त्या बाईचं काम होतं. आठ महिने झालेत म्हणे तिला इथे लागून. लिहितेय मी. अधीक्षकांनी बारा वाजता बोलावलंय."

ताई लिहिते म्हटल्यावर विहीणबाईसुद्धा गप्प झाल्या. ताईच्या तक्रारअर्जांनी एक बसथांबा हलवलाय आणि दोन मुख्याध्यापक. तिच्या अर्जात 'सबब' हा शब्द आला की समोरच्याने सामान आवरायला घ्यावं. आणि मामाने लांबून पॅडवर पाहिलं तर 'सबब' येऊन बसलेला होता.

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, केस टोपीत कोंबलेले. ताईच्या पॅडकडे त्यांची नजर गेली, पण त्यांनी सरळ खारूचा हात हातात घेतला.

"ताप नाही ना? ठीक. बसून बघितलंत?"

"बघितलं. दीड मिनिट."

"मग मी परवा म्हणाले होते तो उपाय करूया." त्या सगळ्यांकडे वळल्या. "परत एकदा सांगते. भुलीची नळी घालताना सुई एक पडदा जास्त आत गेली. त्या पडद्याच्या आत पाणी असतं, मेंदू त्यात तरंगतो. त्या भोकातून ते झिरपतंय. माणूस बसला की मेंदूखालची गादी कमी पडते आणि दुखतं. गोळ्या झाल्या, कडक कॉफी झाली, भरपूर पाणी झालं. आता हिच्याच दंडातलं थोडं रक्त काढायचं, चार चमचे समजा, आणि पाठीत त्याच जागी पडद्याच्या बाहेरून सोडायचं. ते तिथे गोठतं आणि भोक बुजतं."

"पंक्चर काढल्यासारखं?" जावई म्हणाला.

"अगदी तसं."

"म्हणजे परत पाठीत सुई?" ताईने पेन रोखलं. "परत तुम्हीच?"

"मी किंवा माझे वरिष्ठ. तुम्ही म्हणाल ते."

"आणि नाही केलं तर?"

"आपोआपही बरं होतं. दोन आठवडे लागतील, कधी जास्त. तोवर हिला असंच पडून राहावं लागेल. क्वचित त्यातून मेंदूवर रक्तस्राव झालेलाही आहे, म्हणून मी वाट बघत बसायला तयार नाही."

जावई मघापासून खारूची फाइल चाळत होता. बारीक अक्षर वाचायची त्याला सवय. "इथे लिहिलंय," तो म्हणाला, आणि न म्हणता तर बरं झालं असतं. "'सुई आत असताना रुग्णाची अचानक हालचाल झाली.'"

विहीणबाईंनी हातातली चष्म्याची डबी उघडली.

"म्हणजे तू हललीस," विहीणबाई म्हणाल्या.

"हो."

"हलू नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

खारूने मान जराशी वळवली. तिची नजर आईवरून, नवऱ्यावरून सरकत दाराशी मामापाशी आली, तिथे अर्धा क्षण थांबली आणि परत छतावर गेली. "हलले गेले. चुकलं माझं. आणि परत हलले तर? नको मला ती सुई. पडून राहीन मी दोन आठवडे."

ताईला आता कोणाची बाजू घ्यावी कळेना. इतका वेळ डॉक्टरांवर रोखलेलं पेन हवेतच राहिलं. "कळ आली असेल पोरीला," ती पुटपुटली. "कळेत कोण स्थिर राहील?"

"कळ गेल्यावर घातली होती सुई," खारू म्हणाली. आईला एवढीसुद्धा पळवाट तिने ठेवली नाही.

मामाचं तोंड उघडलं. आता बोलायचं, त्याने ठरवलं. आणि त्याच्या तोंडून बाहेर पडलं, "मी जरा लिफ्टचा आवाज..."

"जा बाबा जा!" ताई खेकसली. "इथे पोरीचं काय चाललंय आणि याला लिफ्ट!"

लिफ्टमध्ये भिंतीला आरसा होता. मामाने आरशाकडे पाठ केली.

झालं होतं ते असं. परवा भुलीच्या वेळी आत एका माणसाला परवानगी होती. जावई गेला, ट्रेमधली सुई पाहिली आणि भिंतीला टेकून सावकाश खाली बसला. त्याला उचलून बाहेर आणलं तेव्हा खारू आतून ओरडली, "मामाला पाठवा!" साहजिकच होतं. या घरात सुई म्हटली की गंमत, ही अण्णांच्या काळापासूनची रीत. अण्णा कंपाउंडर. अख्ख्या गल्लीला इंजेक्शनं तेच द्यायचे आणि पोरांना असे हसवायचे की सुई लागली कधी ते कळायचं नाही. अण्णा गेल्यावर ते खातं मामाकडे आलं. खारूच्या प्रत्येक इंजेक्शनला मामा हजर. एकदा तर नवा कंपाउंडरच इतका हसला की त्याला इंजेक्शन दुसऱ्या दिवसावर ढकलावं लागलं.

खारू पलंगाच्या कडेला बसलेली, उशी कवटाळून, पाठ मांजरीसारखी बाहेर काढून. मामा समोर, तिच्या दोन्ही खांद्यांवर हात. डॉक्टरीणबाई पाठीमागे. एक कळ आली, गेली. "आता सुई आत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत अजिबात हलायचं नाही. शांत."

त्या 'शांत'ने घोळ केला. हुबेहूब वाचनालय! मामाच्या ओठांचा चंबू आपोआप झाला. त्याने मान ताठ केली, खारूच्या कानाशी वाकला आणि विहीणबाईंच्या कुजबुजीत म्हणाला, "मुदत संपून पाच दिवस झाले. आता वाढवून मिळणार नाही. आणलंय का परत?"

बाळ तारखेच्या पाच दिवस पुढे गेलं होतं.

खारू फिस्सकन हसली. नुसतं तोंडाने नाही, अख्ख्या अंगाने. मामाच्या हातांखाली तिचे खांदे उडाले. आणि मागे कोणीतरी श्वास आत घेतला. एवढंच. ना आरडाओरड, ना धावपळ. मग डॉक्टरीणबाईंचा आवाज, अगदी सपाट: "असंच राहा. मी सुई काढतेय. मणक्याचं एक घर वर परत घालू." मामाने मान तिरकी करून पाहिलं. सुईच्या मागच्या टोकातून पाणी येत होतं. स्वच्छ, नळाच्या पाण्यासारखं. टप, टप, टप.

दुसऱ्या खेपेला सगळं नीट झालं. कळा पळाल्या, खारू झोपलीसुद्धा तासभर, सात तासांनी बाळ झालं. बाहेर पेढे वाटल्यासारखे सगळे हसत होते आणि मामा सगळ्यांच्यात जास्त हसत होता. ती टपटप मात्र त्याच्या कानातून जात नव्हती.

आणि त्याचं काम कुठलं? लिफ्टचं! या कामात एक नियम आहे, तो पहिल्या दिवशी शिकवतात. टपावर माणूस असताना खाली थट्टा नाही. सहा वर्षांपूर्वी त्याच्या हाताखालच्या एका चांगल्या मेकॅनिकने वर माणूस असताना बटण दाबल्याचं नुसतं नाटक केलं होतं. बटणाला बोटसुद्धा लागलं नव्हतं. मामाने त्याला सगळ्यांच्या देखत सांगितलं, घरी जा आणि परत येऊ नकोस. तो रडला होता. मामाने बघितलं नव्हतं त्याच्याकडे.

दार मिटता मिटता परत उघडलं आणि डॉक्टरीणबाई आत आल्या.

"कुठला?" मामाने सवयीने विचारलं.

"कुठलाही. तुम्ही कुठे उतरता का?"

लिफ्ट वर निघाली. मामा आकड्यांकडे बघत म्हणाला, "तुम्ही लिहिलं नाहीत फाइलमधे. मी काय केलं ते."

"मी रुग्णाचं लिहिते. तिच्या मामाचं लिहायला रकाना नाही."

"ताईचा अर्ज वाईट असतो, डॉक्टर. तुम्हाला माहीत नाही."

"असू दे की. सुई माझ्या हातात होती. शंभरात एखादीला हे होतं, कोणी न हसताही. त्याचं उत्तर मी देईन." त्या जराशा थांबल्या. "नवऱ्यांना मी आधीच बजावते, सुई आत असताना तोंड उघडायचं नाही. मामा पहिल्यांदाच आला होता. सांगायचं राहिलं. तेही माझंच."

मामाला वाटलं, या बाईने आपल्याला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझं सोडा," त्या म्हणाल्या. "ती सुईला का नाही म्हणतेय? दुखेल म्हणून नाही. तिला वाटतंय, आपलं शरीरच भरवशाचं नाही, परत हलेल. ती का हलली ते तिला माहीत आहे, मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. ती बोलणार नाही. मी बोलले तर तिची आई म्हणेल, डॉक्टर स्वतःचं झाकतेय. राहिलं कोण?"

लिफ्ट चौथ्यावर थांबली, दार उघडलं, मिटलं.

"तिसरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मामाने तिसरा दाबला.

दोघं खोलीत शिरली तेव्हा ताई पर्समध्ये अर्ज घालत होती. पावणेबारा.

"ताई, थांब. नेऊ नकोस तो."

"का? लिफ्टमधे शुद्धलेखनाची चूक सापडली?"

"ती माझ्यामुळे हलली."

"म्हणजे?"

"मी हसवलं तिला. सुई आत होती तेव्हा. डॉक्टरांनी शांत म्हणून सांगितलं आणि मी बोललो. तिची काही चूक नाही. यांची पण नाही."

जावयाने फाइल मिटली. विहीणबाईंच्या हातातली डबी टक्कन बंद झाली. खारूने डोळे मिटून घेतले.

"हसवलंस?" ताई एकेक शब्द चिमट्याने उचलल्यासारखं म्हणाली. "माझ्या पोरीच्या मणक्यात सुई आहे आणि तू हसवलंस?"

"रीत आहे ना ताई आपल्याकडे. अण्णा नाही का..."

"अण्णा?" ताईचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. ते जास्त वाईट होतं. "अण्णा सुईच्या आधी हसवायचे, गाढवा. आधी! पोरगं हसून हसून सैल पडलं की मग सुई. आणि एकदा सुई हातात घेतली की मुके व्हायचे. श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. मी शेजारी कापूस धरून उभी असायचे, मला माहीत आहे."

"पण मला तर आठवतंय, सुई टोचताना..."

"तुला काय आठवणार? तू डोळे घट्ट मिटून बोंबलत असायचास! तू डोळे उघडायचास तेव्हा अण्णा परत हसवत असायचे. मधलं तू कधी बघितलंच नाहीस."

चाळीस वर्षं ज्या खात्याचा वारस म्हणून मामा मिरवला, त्याचे अर्धेच कागद त्याच्याकडे होते. मधलं पान, जे महत्त्वाचं, ते ताईकडे कापसाच्या बोळ्यात गुंडाळून राहिलेलं.

"म्हणजे तीन दिवस तू बघत होतास," ताई म्हणाली. "ही आडवी पडलीये, विहीणबाई तिला बोलताहेत, मी या बाईंच्या पोटावर पाय द्यायला निघालेय, आणि तू लिफ्टमधे."

"हो."

"आणि तू गं? तू का नाही बोललीस?"

"मामाच आहे ना," खारू डोळे मिटूनच म्हणाली. "आणि हसले मीच की."

मग पाळण्याच्या बाजूने कुजबुज आली. "काय बोलला होतात?"

मामाने मागे दाराकडे पाहिलं. "अं? असंच. काहीतरी."

"काहीतरी बोलून माणूस कळांमधे हसत नाही. काय बोललात?"

"नक्कल केली. एकाची."

"कोणाची?"

जावई खिडकीबाहेर बघायला लागला. समोरच्या इमारतीला रंग देणारा माणूस त्याला फार महत्त्वाचा वाटू लागला. ताईने भावाकडे पाहिलं, मग विहीणबाईंकडे, आणि तिला कळलं. इतक्या रागातही तिने डोळ्यांनी त्याला खुणावलं, खोटं बोल. कोणाचंही नाव घे.

मामाच्या जिभेवर तीन नावं तयार होती.

"तुमची," तो म्हणाला.

"करा."

"विहीणबाई..."

"माझ्या सुनेचं डोकं ज्याने दुखतंय, ते मला ऐकू तर द्या. करा."

हजार माणसांसमोर न डगमगणारा मामा पाच माणसांसमोर अडखळला. पण केली त्याने. मान ताठ, ओठांचा चंबू, नसलेली डबी दोन्ही हातांत. "मुदत संपून पाच दिवस झाले. आता वाढवून मिळणार नाही. आणलंय का परत?"

इतकी हुबेहूब की पाळण्यातलं बाळसुद्धा आजीच्या आवाजाने चुळबुळलं. कोणी हसलं नाही. मामाचे कान असे तापले की त्याला वाटलं, दिसत असतील सगळ्यांना.

"आवाज बरोबर आहे," विहीणबाई म्हणाल्या. "पण मी पस्तीस वर्षांत कोणाला नको त्या वेळी बोलले नाही. तेवढं तुम्हाला जमलं नाही." मग त्या उठल्या, पलंगापाशी गेल्या आणि खारूच्या कपाळावर हात ठेवला. "तू हलली नाहीस, मुली. तुला हलवलं. मी बोलले ते विसर. आता घे ती सुई."

खारूच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांत गेलं. "घेईन. पण मामा पाहिजे आत."

"अजिबात नाही!" ताई आणि विहीणबाई एका आवाजात म्हणाल्या. तीन दिवसांतलं हे त्यांचं पहिलं एकमत.

"तोच पाहिजे," खारू म्हणाली. "तो गप्प बसला तर मीही नाही हलणार."

डॉक्टरीणबाईंनी मामाकडे पाहिलं. मामाने नुसती मान हलवली. ताईने पर्समधून अर्ज काढला, चार घड्या घातल्या आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात न देता बाळाच्या वाकड्या पाळण्याच्या पायाखाली सारला. पाळणा डुगडुगायचा थांबला.

दुपारी एक वाजता खारू कुशीवर पाय पोटाशी घेऊन झोपली होती. या खेपेला बसवायचं नव्हतं, बसवलं तर डोकं फुटायचं. मामा समोर स्टुलावर. तिचा एक हात त्याच्या हातात, दुसऱ्या दंडावर वरिष्ठ डॉक्टर रक्त काढायला तयार. डॉक्टरीणबाई पाठीमागे.

"सुई आत आहे," त्या म्हणाल्या.

मामाने श्वास धरला. गंमत अशी की याच वेळी त्याला सगळं सुचायला लागलं. वरिष्ठांच्या नाकाचा आवाज, दारामागचा चाकांचा किरकिराट, पंख्याची खरखर. गळ्यापाशी येऊन सगळी सोंगं दाटीवाटीने उभी राहिली. त्याने एकेक गिळलं. खारू डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघत होती, आणि त्यालाही डोळे मिटता येईनात. हे मधलं पान. अण्णा या वेळी कसे दिसत असतील, ते त्याला पहिल्यांदा समजलं.

"रक्त द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग, "सावकाश सोडतेय. पाठीत दाबल्यासारखं वाटेल."

"वाटतंय," खारू म्हणाली. हलली नाही. तिचं एक नख मामाच्या तळव्यात रुतलं होतं.

"झालं. सुई बाहेर."

मामाने श्वास सोडला तो इतक्या जोरात की वरिष्ठांनी वर पाहिलं.

दोन तास आडवं ठेवून झाल्यावर तिला खोलीत पलंगाच्या कडेला बसवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंधरा मिनिटं बघू. विहीणबाईंनी घड्याळ काढून हातात धरलं. जावयाने बायकोची पाठ धरली. ताईने बाळाला धरलं. मामाने काहीच धरलं नाही, तो दाराच्या चौकटीशी उभा होता. दोन मिनिटं झाली. पाच झाली. खारूने मान डावीकडे केली, उजवीकडे केली, खिडकीकडे पाहिलं, उजेडात डोळे किलकिले केले, मग उघडले.

"पंधरा," विहीणबाई म्हणाल्या.

"नाही दुखत," खारू म्हणाली. स्वतःचाच विश्वास नसल्यासारखी. "अहो आई, नाही दुखत!"

ताई रडायला लागली. बाळही रडायला लागलं. बाळाला खारूच्या मांडीवर दिलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिने त्याला बसून, सरळ वरून, नीट बघितलं.

"मामा," ती म्हणाली, "आता तरी कर काहीतरी. सुई कधीच बाहेर आलीये."

मामाने विहीणबाईंकडे पाहिलं.

"माझी नको आता," त्या म्हणाल्या. "तुमची स्वतःची करून दाखवा. बघू जमते का."

सगळे बघायला लागले. मामाने तोंड उघडलं. आयुष्यभर त्याने सगळ्यांची सोंगं काढली, स्वतःची कशी काढतात त्याला माहीत नव्हतं. कान परत तापले. पाय आपोआप दाराकडे वळले.

"मी..." तो म्हणाला. "मी जरा लिफ्टचा आवाज बघून येतो."

आधी खारू फुटली. मग जावई. मग ताई रडता रडता. खारू अशी हसली की पलंग हलला, आणि डॉक्टरीणबाई घाईने तिची पाठ धरून म्हणाल्या, "हळू, अहो, हळू!" तेव्हा त्याही हसतच होत्या. "अगदी हाच!" ताई म्हणत होती. "अगदी हाच चेहरा, तीन दिवस!" विहीणबाईंनी डबीने तोंड झाकलं होतं.

मामाने नक्कल केलीच नव्हती.

तो कॉरिडॉरमध्ये आला. मागे हसण्याचा कल्लोळ चालूच होता. त्याने बटण दाबलं. लिफ्ट आली, नेहमीसारखी, चूपचाप. आत आरसा होता, आरशात लाल कानांचा एक माणूस. दार उघडं राहिलं, त्याची वाट बघत राहिलं, आणि मिटलं.

मग तो वळला आणि खोलीत परत गेला.